सर्वात लहान ग्रुप

कोथिंबीर आणायला गेलेला माणूस प्लास्टिकचं स्टूल घेऊन परत आला, एवढंच काय ते घडलं होतं. खरं तर तीन स्टुलं. दोनावर एक फुकट होतं आणि फुकटचं स्टूल दुकानात सोडून येणं माझ्या स्वभावात नाही. पण विनयाने ती तिन्ही स्टुलं एकात एक रचली, कमरेवर हात ठेवले आणि आमच्या आठवीतल्या ओवीला नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "तुझ्या बाबांचा काही म्हणजे काही नेम नाही."

लग्नाला पंधरा वर्षं झाली. एवढ्या काळात मला विसरभोळा, वेंधळा आणि एकदा बँकेच्या रांगेत सगळ्यांसमोर 'ध्यान' म्हटलं गेलं आहे. ते सगळं मी मोठ्या मनाने सोडून दिलं (मोठं मन म्हणजे दुसरा इलाज नसणं). त्या दिवशी मात्र लागलं. कारण स्टुलाच्या दुकानाशेजारच्या खांबावर मी नुकतीच एक पाटी वाचून आलो होतो. 'रायफल नेमबाजी शिका. वयाची अट नाही. ऑगस्टीन सर, नंदाखाल.'

"मी नेम धरणार आहे," मी जाहीर केलं.

"अगंबाई! बरं झालं," विनया म्हणाली. "पण चातुर्मासात धरतात ना? आत्ताच कुठे? आणि सोडणार काय? चहा?"

"गोळी सोडणार."

"बीपीची? अजिबात नाही हं! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

तो गैरसमज दूर करायला जेवण होईपर्यंतचा वेळ गेला. शेवटी ती एवढंच म्हणाली, "जा बाई, शिका. निदान रविवार सकाळ तरी घराबाहेर जाल." परवानगी मिळाली, असं मी मानलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही राहतो बोळिंजला, फ्लॅटमध्ये. मी मूळचा साताऱ्याकडचा आणि नोकरी मुंबईत, विम्याच्या कचेरीत. पण विनयाचं माहेर नंदाखालचं. केळी-नारळाची वाडी, मागे विहीर, पुढे पडवी आणि पडवीतल्या झोपाळ्यावर माझे सासरे हरेश्वर अण्णा. अण्णा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. मंडळाचे अध्यक्ष. बारशापासून बाराव्यापर्यंत सगळ्यांना सल्ला देणारे. मला ते पहिल्या दिवसापासून 'दिनानाथराव' म्हणतात, आणि असं म्हणतात की आपल्या हातून काहीतरी सांडलं असावं असं वाटून मी खाली बघतो.

या घराण्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, 'वाडीवरची मंडळी'. साठ-पासष्ट माणसं. त्याचा अ‍ॅडमिन मी. हा मान मला माझ्या कर्तृत्वामुळे मिळालेला नाही. "घरात रिकामं कोण आहे?" असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं होतं.

तर, ऑगस्टीन सर. निवृत्त पी.टी. शिक्षक. उंच, ताठ, पांढऱ्याशुभ्र मिशा. त्यांच्या घरामागे पूर्वी केळी पिकवायची लांबलचक खोली होती, तिथे आता एअर रायफलचा क्लास चालतो. दहा मीटरवर फळी, फळीवर कागद. मला वाटलं होतं, कागदावर गोलात गोल असतील, मधे दहाचा आकडा असेल. कागद कोरा होता.

"सर, यावर काहीच नाही."

"तुमच्यासाठी एवढं पुरे आहे," सर म्हणाले. "मारा पाच."

मी पाच छर्रे मारले. सर कागद घेऊन आले. त्यात चार भोकं होती. पाचवा छर्रा आजतागायत सापडलेला नाही, पण सरांचा कोंबडा त्या दिवसापासून मी दिसलो की पायरीखाली जातो. तेवढ्यात माझ्या खिशात फोन टुंग टुंग टुंग वाजायला लागला. सकाळची वेळ, वाडीवरची मंडळी एकमेकांना शुभ सकाळ म्हणत होती. गुलाबाची फुलं, वाफाळते कप, उगवते सूर्य, सगळं येत होतं.

"काय आहे हे?" सर हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले.

"ग्रुप आहे, सर."

"तो दिसतोय मला. केवढा हा!"

"साठ-पासष्ट तरी असतील."

"आई शपथ," सर पुटपुटले आणि कपाळ चोळत आत गेले.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. तो मी इथे जसाच्या तसा देतो, म्हणजे तुम्हीच न्याय करा. 'दिनानाथजी, तुमचा ग्रुप फार मोठा आहे. आधी तो लहान करा. दोघं-तिघं फार लांब गेलेत, त्यांच्यामुळे सगळं बिघडतंय. ग्रुप लहान झाल्याशिवाय तुमची प्रगती होणार नाही.'

आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता?

माझं तर मन भरून आलं. केवढी ही पारख! एका दिवसात माणसाने ओळखलं की या शिष्याचं चित्त थाऱ्यावर नाही आणि त्याचं कारण त्याच्या खिशात आहे. आणि लांब गेलेले दोघं-तिघं! ते तर अगदी बरोबर. विनयाचा एक मावसभाऊ कॅनडात आहे, एक आतेबहीण मस्कतला. तिकडची सकाळ इकडे भलत्याच वेळी उगवते. सरांना हे कसं कळलं, असा प्रश्न मला पडला, पण नंदाखालमध्ये सगळ्यांना सगळं कळतंच.

मी सोफ्यावर बसलो आणि कामाला लागलो. कॅनडा काढला. मस्कत काढलं. मग हात मोकळा झाला. लग्नात एकदाच भेटलेले काढले, लग्नात भेटूनही न आठवणारे काढले, 'हा मेसेज अकरा जणांना पाठवा' म्हणणारे काढले. शेवटी अर्नाळ्याचे हरेश्वरकाका. हे अण्णांचे चुलतभाऊ. रोज औषधी वनस्पतींचे व्हिडिओ पाठवतात. यादीत 'हरेश्वर' दिसलं, बोट ठेवलं, काढलं. ग्रुप पंचविसावर आला. मला अगदी हलकं वाटलं. मी सरांना लिहिलं, 'सर, ग्रुप अर्ध्याहून लहान केला.' सरांनी लिहिलं, 'एका संध्याकाळीत? रायफलीशिवाय?' मला वाटलं, थट्टा करतायत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून विनया आली. हातात फोन, फोनला कणीक.

"अहो, तुम्ही अण्णांना ग्रुपमधून काढलंत?"

"छे! मी अर्नाळ्याच्या—" असं म्हणत मी फोन बघितला. अर्नाळ्याचे हरेश्वरकाका जागच्या जागी होते. त्यांनी नुकताच शेवग्याचा व्हिडिओ टाकला होता.

मी ताबडतोब अण्णांना परत आत घातलं. ते बाहेर पडले. मी पुन्हा घातलं. ते पुन्हा बाहेर पडले. असं बराच वेळ चाललं. मग सासूबाईंचा, म्हणजे लीलाआईंचा फोन आला. "जावईबापू, राहू द्या आता. ह्यांचा अंगठा दुखायला लागलाय."

दुसऱ्या दिवशी मी आणि विनया नंदाखालला गेलो. अण्णा झोपाळ्यावर होते. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे डोळ्यांवर मोठा, गोल काचांचा काळाकुट्ट चष्मा. ते रागावलेत की त्यांचा डोळा लागलाय, हेच कळेना.

"या दिनानाथराव," ते म्हणाले. म्हणजे रागावले होते.

मी सगळं सांगितलं. सरांचा मेसेजही दाखवला. (एव्हाना सरांनी मला फोनवर समजावलं होतं की नेमबाजीत कागदावर पडलेल्या भोकांच्या पुंजक्याला ग्रुप म्हणतात. समजावताना मधेच ते फोन बाजूला ठेवून बराच वेळ हसत होते.)

"ते मी मान्य करतो," अण्णा म्हणाले. "सरांनी ग्रुप लहान करायला सांगितलं. सासऱ्याला काढायला सांगितलं होतं का?"

"नाही अण्णा. मला अर्नाळ्याच्या हरेश्वरकाकांना काढायचं होतं."

"का?"

"ते... जरा जास्त मेसेज टाकतात."

"माझ्याहून जास्त?"

मी झोपाळ्याच्या कड्या मोजल्या.

"दोन हरेश्वर आहेत," अण्णा सावकाश म्हणाले. "एक चुलत, एक सख्खा सासरा. बोट नेमकं सासऱ्यावर पडलं. दिनानाथराव, मी पण दुनिया बघितलीय. असं चुकून होत नाही. मनात असतं तेच बोटात येतं."

"अण्णा, देवाशपथ चुकून झालं!"

"काढलेला माणूस परत येत नाही," असं म्हणून त्यांनी झोपाळ्याला झोका दिला. विषय संपला.

आत गेलो तर विनया आईच्या शेजारी बसून सुकेळी खात होती. केळी वाळवून केलेली ही सुकेळी म्हणजे माझा जीव की प्राण. तिने मला एकही दिलं नाही, तेव्हाच मी काय ते समजलो. "अण्णा रात्री जेवले नाहीत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अण्णा ग्रुपमध्ये परत येईपर्यंत मी इथेच राहणार. तुम्ही जा."

माहेर इतकं जवळ असू नये. लांब असतं तर बायको प्रवासाचा विचार करून तरी थांबते. इथून रिक्षा मिळाली की संपलं. ओवीही आजोळी राहिली. शाळा सुटली की ती माझा डबा पोचवायला यायची आणि मग परत जायची. डब्यात भाजी-पोळी असायची, चिठ्ठी नसायची. सरळच सांगतो, घर खायला उठलं होतं. पंधरा वर्षं मी वाट बघत होतो की कधीतरी टीव्हीचा रिमोट निवांत माझ्या हातात येईल. आला, तर चालूच करावासा वाटेना.

ओवीनेच एके दिवशी तोड काढली. "बाबा, मंडळाची स्पर्धा आहे ना सुट्टीत, मैत्रीपूर्ण नेमबाजीची? बक्षीस आजोबाच देणार आहेत. तुम्ही जिंका. स्टेजवर त्यांच्या पाया पडा. सगळ्या गावासमोर आजोबा नाही म्हणूच शकणार नाहीत."

पोरगी आईवर गेलीय, हे उपकारच.

स्पर्धेत बक्षिसं दोन. एक गुणांचं, ते आपल्या आवाक्याबाहेर. दुसरं सर्वात लहान ग्रुपचं. प्रत्येकाने पाच छर्रे मारायचे आणि ज्याची भोकं सर्वात जवळजवळ, त्याला ढाल आणि वाडीतला केळीचा अख्खा घड. गेली दोन वर्षं हे बक्षीस माझा मेहुणा जितेश पटकावत होता. दोन्ही घड त्याने मला दाखवून दाखवून खाल्ले होते.

"लहान ग्रुपचं बक्षीस मोठं मानतात," सर म्हणाले. "दहा लागणं कधीकधी नशीब असतं. पाचही एकाच जागी लागणं हे काम असतं. जागा चुकली तर रायफलीचा स्क्रू फिरवून सुधारता येते. पण माणूसच चहूकडे उडत असेल तर मी कुठला स्क्रू फिरवू?"

मी मन लावून सराव सुरू केला. मोजमापाचं खातं ओवीकडे. दर रविवारी मी कोरे कागद घरी आणायचो आणि ती कंपासपेटीतली पट्टी लावून सर्वात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायची. पहिल्या कागदाला ती म्हणाली, "बाबा, पट्टी संपली." मग माझा ग्रुप भाकरीएवढा झाला. भाकरीवरून पुरीवर आला. पुरीवर बरेच दिवस अडला, कारण श्वास. अर्धा श्वास सोडून उरलेला धरायचा आणि मग ट्रिगर दाबायचा. ओढायचा नाही, दाबायचा, असा की गोळी कधी सुटली ते आपल्यालाच कळू नये. (कचेरीत माझी बरीच कामं अशीच होतात, त्यामुळे हे लवकर जमलं.)

रायफल सरांकडे असायची, म्हणून घरी मी फरशी पुसायच्या काठीवर भागवलं. एअर रायफलीच्या टोकाला बारीक कडं असतं. त्या कड्यात टार्गेटवरचा काळा गोल बरोबर मधोमध बसवायचा, हे सगळं शास्त्र. मी काठीच्या टोकाला विनयाची बांगडी बांधली आणि आरशावरून तिची एक मोठी काळी टिकली काढून गॅलरीच्या कठड्यावर चिकटवली. सरांचं सांगणं असं की काठी वरून खाली आणायची, सावकाश. कड्यात काळा गोल आला की थांबायचं. इकडेतिकडे बघायचं नाही. शंका घ्यायची नाही.

समोरच्या बिल्डिंगमधल्या फ्लॉसी आंटी कपडे वाळत घालायला आल्या तेव्हा मी बनियनवर उभा होतो, एक डोळा मिटून, बांगडी बांधलेली काठी त्यांच्या रोखाने धरून.

"दिनानाथ! काय चाललंय रे तुझं?"

"ग्रुप लहान करतोय, आंटी!"

"परत?" त्या किंचाळल्या. "अरे, आता राहिलंय कोण?"

पण सरावाला फळ आलं. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी ओवीने कागद बघितला, पट्टी लावली, पुन्हा लावली आणि म्हणाली, "बाबा, टिकली!" पाचही भोकं एका टिकलीखाली झाकली गेली. सरांनी पाठीवर थाप मारली. मी त्या कागदाचा फोटो विनयाला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'छान'. एवढंच. पण त्यापुढे पूर्णविराम नव्हता, यावरून मी बरंच काही ताडलं.

स्पर्धेचा दिवस. मे महिना. गावच्या मंडळाचा पत्र्याचा हॉल. आत पाऊल टाकलं की माणूस उकडून निघावा असा उकाडा. पहिल्या रांगेत पंख्यासमोर अण्णा, काळ्या चष्म्यात. शेजारी लीलाआई आणि विनया. विनयाने माझ्याकडे बघितलं आणि मान जराशी हलवली. अंगात दहा हत्तींचं बळ आलं. एक गडबड तेवढी दिसत होती. जितेशने बॅनर आणला होता. 'सन्माननीय अध्यक्ष हरेश्वर अण्णा यांचे हार्दिक स्वागत', आणि अण्णांचा खऱ्या तोंडाएवढा ताजा फोटो. तो त्याने टार्गेटच्या फळीवर, कार्डांच्या वीतभर वर ठोकला होता.

"जितेश, तिथे नको," ऑगस्टीन सर म्हणाले. "बाहेर लाव."

"सर, बक्षिसाच्या फोटोत यायला नको का? मागे फळीच आहे, काही होत नाही."

माझं नाव पुकारलं. मधली जागा मिळाली. चष्म्यावर घामाची वाफ धरली होती, पुसून पुन्हा धरली. शेवटी मी चष्मा काढून खिशात ठेवला. एवीतेवी आपल्याला काळा गोलच तर बघायचाय! फोन बंद केला. श्वास घेतला. रायफल उचलली आणि वरून सावकाश खाली आणायला लागलो. कड्यात काळा गोल आला. थांबलो.

काय तो गोल होता! वाटोळा, ठसठशीत, चकचकीत. छपाई झकास आहे, असंही मनात येऊन गेलं. अर्धा श्वास सोडला, उरलेला धरला, आणि कधी सुटली ते मला कळलंच नाही. टप. दुसरी, टप. हात दगडासारखा. मनात काहीही नाही, फक्त विनया रिक्षात माझ्या शेजारी बसून बोळिंजला परत चाललीय असं एक चित्र. तिसरी. चौथी. पाचवी. रायफल खाली ठेवली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच मला खात्री होती की आपण एक गोष्ट बिनचूक केली आहे.

सर कार्डं गोळा करून आले. सगळ्यांची बघितली. माझं बघितलं. उलटून बघितलं. उजेडाकडे धरून बघितलं.

"दिनानाथजी, छर्रे भरले होतेत ना?"

"भरले होते की! पाचही."

"मग कार्ड कोरं कसं?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. जितेश म्हणाला, "भावोजी, कोऱ्या कागदावर सराव केला म्हणजे कोराच परत द्यायचा नसतो." लोक हसले. एवढ्यात ओवी उठून उभी राहिली. तिने फळीकडे बोट दाखवलं.

"बाबा... आजोबांचा चष्मा."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी चष्मा लावला. बॅनरवर अण्णा प्रसन्न हसत होते. त्यांच्या चष्म्याची उजवी काच काळी होती. डाव्या काचेच्या अगदी मधोमध भोक पडून मागची फळी दिसत होती.

ऑगस्टीन सर फळीपाशी गेले. मोजायची जन्माची सवय, दुसरं काय! खिशातून मोजपट्टी काढली, लावली आणि मोठ्याने म्हणाले, "सात मिलिमीटर. आजचा सर्वात लहान ग्रुप." मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग जीभ चावली. "ही काच कार्डावर असती," सर स्वतःशीच बोलत होते, "तर पन्नासपैकी एकोणपन्नास."

अण्णा उठले. सावकाश चालत फळीपाशी गेले. त्यांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला आणि स्वतःच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मग ते वळले.

"दिनानाथराव. मुद्दाम?"

आता तुम्हाला म्हणून सांगतो. त्या एका शब्दासरशी माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं! 'मुद्दाम' म्हटलं तर मी कोण? दहा मीटरवरून चष्म्याची काच टिपणारा, एकावर एक पाच! आगाशीपासून अर्नाळ्यापर्यंत नाव होईल, जितेश जन्मभर 'भावोजी, भावोजी' करत मागे फिरेल. फक्त बायको कायमची माहेरी राहील. आणि 'चुकून' म्हटलं तर सगळ्या गावासमोर मी पंधरा वर्षं जो आहे तोच. एक क्षण, खोटं कशाला बोलू, जिभेवर 'मुद्दाम' आलं होतं. मी विनयाकडे बघितलं. तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"चुकून, अण्णा," मी म्हणालो.

"पाचही?"

"पाचही."

"मधे एकदाही शंका आली नाही?"

"आली होती. मला वाटलं, या वर्षी छपाई चांगली आहे."

अण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता संपलं. तर ते हसत होते! मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी बॅनरला हात टेकला, नुकतं ऑपरेशन झालेला डोळा टिपला आणि म्हणाले, "विने, अगं हे खरं बोलतायत गं! सासऱ्याच्या एकाच डोळ्यात पाच वेळा, भर सभेत, आणि ह्यांना पत्ता नाही! दोन हरेश्वरांत घोटाळा म्हणजे यांच्या हिशेबी काहीच नाही. मी उगाच इतके दिवस मनाला लावून घेतलं." मग माझ्याकडे वळून, "दिनानाथराव, काढा फोन. घ्या मला आत."

मी फोन काढला. चष्मा नीट बसवला. 'हरेश्वर' शोधलं, नंबर दोनदा वाचला, ओवीने तिसऱ्यांदा वाचला आणि मगच बोट ठेवलं. अण्णा आत आले आणि आतच राहिले. त्यांच्यामागोमाग कॅनडा, मस्कत आणि बाकीचे काढलेलेही मी आत घेतले. विनया उठून माझ्याजवळ आली. तिने सगळ्यांसमोर माझ्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. या बक्षिसावरून मी ढाल ओवाळून टाकीन. (ढाल तशीही मिळाली नाही. ग्रुप कार्डावरच हवा, असा नियम निघाला. तो घडही जितेशनेच नेला.)

संध्याकाळी रिक्षात आम्ही तिघं होतो. मांडीवर लीलाआईंनी दिलेला सुकेळ्यांचा पुडा. वारा छान सुटला होता. मी विनयाच्या हातावर हात ठेवणार, एवढ्यात फोन टुंग वाजला. 'वाडीवरची मंडळी'. अण्णांचा मेसेज. बॅनरवरच्या त्या डाव्या काचेचा जवळून काढलेला फोटो आणि खाली सावकाश, एकेक अक्षर शोधून लिहिलेलं: 'सर्वांना कळविण्यास आनंद होतो की आमच्या जावयांनी मला ग्रुपमधून मुद्दाम काढले नव्हते. पूर्ण खात्री करून घेतली आहे. ते खरोखरच तसे आहेत.'

खाली बघता बघता अंगठे उमटायला लागले. कॅनडाचा आला, मस्कतचा आला, अर्नाळ्याच्या हरेश्वरकाकांनी दोन दिले. पण सगळ्यात पहिला अंगठा विनयाचा होता. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती रिक्षाबाहेर बघत होती.

"चुकून लागला," ती म्हणाली.